चार पानांतला बाप

माझ्या मोठ्या नातवाचं बारसं झालं ते १९८८ साल. लेक मंजुळाने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून आमच्या सोनगीरच्या चुडामण आबांनी तिला घर बंद केलं होतं. त्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, तेच तिला अमळनेरहून घेऊन निघाले. नरडाण्याला एसटीची वाट पाहत दोघं माझ्या मागच्या बाकावर बसली होती, मंजुळाच्या हातात वाटेत वाचून संपवलेली कादंबरी होती.

"पोरी, तुझ्या कादंबरीतला बाप माझ्यासारखाच शे का?"

"तसाच, आबा. पण शेवटच्या चार पानांत सुधारतो. मला नाही पटलं."

"मग किती पानं लागतील त्याला?"

"भाऊबंदांसमोर यांना जावई म्हणा, मग सांगते."

"उद्या येतील तवा म्हनसू."

"आणि आलेच नाहीत तर?"

"मग तेसले बी घ्यायला जासू."

चुडामण आबा १९९४ च्या पोळ्याला वारले, अमळनेरला, जावयाच्या घरी.