तिसऱ्या अंकातला शाप

हॅलो?… हॅलो?… कोन?… हो, सुगंधाबाईच बोलून राह्यली. तुमी कोन?… अगा माय, गुनवंतराव! नाटकवाले! बोला, बोला… नाई जी, आवाज नाई ओळखला. तुमचा आवाज भोंग्यावरच आयकला आतापर्यंत, फोनवर बारीक वाटते.

थांबा बरं जरा. चंचल! अवं थे कढई उतरव, तेल धुपून राह्यलं… पोरगी होय, मंडईले आली सासरहून. पंधरा पावने हायेत घरात. दिवाळीले कोनी नाई आलं तरी चालते आमच्या इकडं, पन गावच्या मंडईले, नाटकाच्या जत्रेले, जवाई-पोरी, सोयरे-धायरे, समदे पाह्यजेत… हो, बोला.

काय म्हनता?… सत्कार?… माहा?… शाल, नारळ… दुसरा अंक झाल्यावर… हो, हो. स्टेजवर बलावनार. बरं… नाई, लाजन काऊन? हेमराजची माय हाओ मी. तीन वर्सांआधी माह्या पोलीस पोराची जीप एटापल्लीच्या रस्त्यावर सुरुंगानं उडली, तवा या सावली तालुक्यात एक दुकान उघडं नोतं. तिरंग्यात आला माहा पोरगा. दोन किलोमीटर लोकं उभे होते रस्त्यानं, धानाच्या बांध्यायत उभे होते. आज चौकाले त्याचं नाव हाये. त्या चौकातून जातो तवा मान खाली घालून नाई जात मी.

अना तुमी त्याच्यावर नाटक बसवलं. पंधरा गावं रडवले म्हने… सोळा? बरं, सोळा. उपकार हायेत तुमचे, खरं सांगतो.

पन गुनवंतराव, बरं झालं तुमीच फोन केला. मीच लावनार होती… आयका ना. सत्काराचं मंग पाहू. आधी माहं एक काम करा.

तिसऱ्या अंकातला शाप काढा.

हॅलो?… हाये का लाईन?… हो, तोच. शेवटचा. माय तिरडीजवळ उभी राहते अना हात वर करून… तोच, तोच. आज आमच्या गावात थो नाई म्हनाचा.

मी कुठी पाह्यलं? चंचलच्या बाबानं पाह्यलं. काल बाजूच्या गावात तुमचा प्रयोग होता ना, तिथी गेले होते. सकाळी आले तर चहा बी नाई घेतला. म्हने, “बाई, तुह्येच शब्द हायेत. जसेच्या तसे.”

हो… हो ना. मी कुठी नाई म्हनून राह्यली? माह्येच हायेत. पोलीस ग्राउंडवर कॅमेरेवाले उभे होते, अना मी म्हनलं. “ज्या मायच्या पोरानं हे केलं, तिच्याबी दारात अशीच तिरडी लागो. तिच्या घरी पाळना कधी न हालो.” समद्या महाराष्ट्रानं आयकलं. मोबाईलवर अजून फिरते म्हनतात… हो, तिथूनच उचललं तुमी, समजलं मले.

टाळी?… पडतच असन. शिट्ट्या बी पडतात?… मले समजते भाऊ तुमचा धंदा. झाडीपट्टीतलीच हाओ मी. आमी एक वेळचं जेवन सोडू, पन नाटक नाई सोडत. रडल्याबिगर आमाले नाटक पचतच नाई.

काऊन म्हनजे?… अगा, थे माय आज माह्या घरात हाये.

हॅलो?… हो, बरोबर आयकलं तुमी. ज्या पोरानं सुरुंगाचा वायर ओढला, त्या पोराची माय. सुकरीबाई. मागच्या खोलीत निजली हाये. दोन बस बदलून आली काल एटापल्लीकडून. संगं तिची पोरगी हाये, रंजीता. सातवा मैना लागला तिले… हळू बोला जी! तुमी ओरडता अना फोन भांड्यावानी वाजते. उठन ना थे.

डोकं नाई फिरलं माहं. आयकून घ्या, मंग बोला.

थो पोरगा चंदन. नक्षल्यायच्या दलममधी होता. माह्या शापाले चार महिने नाई झाले अना चकमकीत मेला. आमच्या गावात फटाके फुटले. एकानं पेढा आनला, म्हने, “सुगंधाबाई, तुमची वाणी खरी झाली!” मी पेढा हातात घेतला… अना तोंडात नाई गेला भाऊ. मले वाटलं होतं, अशी बातमी आली का जीव थंड होईन. कुठचा थंड होते! उलट रातभर नाई, मैनाभर वाटलं का माह्याच जिभेनं कोनाचं तरी पोरगं नेलं.

हो, चूक त्याचीच… मी कुठी लहान करून राह्यली? माहा हेमराज मारला त्यानं. जीपमधी आनखी तीन पोरं होते. त्या तिघायच्या मायायचं मी नाई बोलत. त्यायनं माफ कराव का नाई, थे त्यायचं त्यायले माईत. मी माहं बोलून राह्यली.

मंग सुकरी आली. दोन वर्सांआधी, भर उन्हात. दाराशी उभी, डोक्यावर चारोळीच्या फळायची टोपली. मराठी तिले धड येत नाई, म्हने, “मी चंदनची माय.” मी दार लावलं… हो, तोंडावर. तिनं टोपली पायरीवर ठेवली अना चालली गेली. लई वाईट वागली मी. तुमी नाटकात हे दाखवत नाई, पन असं बी झालं हाये.

दुसऱ्यांदा आता दसऱ्याले आली. पोरीले घेऊन. पोरगी दोन जीवाची. मले वाटलं, भांडाले आली. भांडली नाई, रडली बी नाई. माह्याकडं पाहून म्हने, “एक तुनं नेला. हे राहू दे.”

…

हाओ ना, हाओ मी लाईनवर… नाई, रडत नाई. चंचल कांदे कापून राह्यली इथी.

घरात घेतलं मंग. पाटावर बसवलं, जेवाले वाढलं. म्हनलं, बाई, माहा राग गेला, तुही पोरगी थे माही पोरगी. तर थे काय म्हने आयका! जंगलातली बाई, शाळेचं तोंड नाई पाह्यलं, अना म्हने, “तू लोकायत बोलली. लोकायत उतरव.” आता सांगा मले गुनवंतराव, काय खोटं हाये त्याच्यात? लग्न चार लोकायत, बारसं चार लोकायत, शिव्या-शाप चार लोकायत, अना माफी मात्र चुलीपाशी?

अंधश्रद्धा?… असू द्या. तुमी नारळ फोडल्याबिगर पडदा उघडता का?… हा, मंग? माहा देवावर भरोसा हाये, तिचा तिच्या देवावर. मायचा शब्द फुकट जात नाई, हे दोघींच्याबी देवाले माईत हाये. म्हनून तर मी तिले मंडईचं आवतन देल्लं. म्हनलं, ये, नाटकाआधी मंडपात उभी राहीन अना चार शब्द बोलीन. मले काय माईत, तुमी मंग शेवटी थोच शाप वाजवनार! मी उतरवाव अना तुमी परत चढवाव? तिच्या पोरीच्या पोटावर? पुढच्या लाईनीत बसवनार हाओ मी तिले!

गाव?… गावाचं मी पाहीन. पाह्यलं बी. परवा समाजमंदिरात समदे बसले होते. निकेश उठला, माह्या हेमराजचा जिगरी, तिरडीले पुढून खांदा देल्लेला. म्हने, “मावशी, थे बाई गावात पाय ठेवन तर आमी नाटक होऊ देनार नाई.” मी म्हनलं, बाबू, तुह्या दोस्ताले सलामी भेटली. बिगूल वाजला. तुमी चौकात त्याचा फोटो लावला. थे बाई आपल्या पोरासाठी रडली बी चोरून, तोंडात पदर कोंबून. पोरानं केलं थे केलं. मायनं काय केलं?… थो उठून चालला गेला. मले वाटलं, तुटला पोरगा.

अना काल पाहतो तर काय! बस स्टँडवर हाच उभा. सुकरीची गठडी आपल्या खांद्यावर, रंजीतासाठी ऑटो सांगून ठेवला, अना ऑटोवाल्यावर ओरडून राह्यला, “हळू ने रे, खड्डे पाहून ने!” सांगा आता. हे माहं गाव होय. पोरानं तर छाती फुगवलीच होती माही, काल गावानं फुगवली.

हं… हं… पोष्टर छापले. ‘वीरमातेचा शाप’. हो, आज सकाळीच पाह्यलं, आमच्या नळाजवळच लावलं हाये… राहू द्या ना पोष्टर! कोन फाडाले सांगते? लोकायले शाप आयकाले येऊ द्या. आमी उतरवून घरी पाठवू.

हे पाहा, कठीन काईच नाई. तुमचा प्रॉम्प्टर बसते ना वही घेऊन? त्याच्या वहीत चार ओळी बदला. तुमचे नट दुपारी वही पाहतात अना रातच्याले राजा होतात, मले नका शिकवू. मागं एका गावात खलनायकाची गाडी पंक्चर झाली तर पेटीवाल्यानंच मिशा लावल्या होत्या… हसता काय, तुमीच सांगतलं होतं माईकवर!

घ्या, लिहा. वही हाये ना जवळ?… लिहा. “ज्या तोंडानं मी तिरडी म्हनलं, त्याच तोंडानं मी पाळना म्हनतो. सुकरी, तुह्या घरी पाळना हालो.” लिहलं?… पुढी काई नाई. एवढंच… छोटं वाटते? वाटू द्या. मले म्हनाले तीन वर्सं लागले.

हेमराज?… हेमराज काय म्हनला असता…

माईत नाई मले. खरं सांगतो भाऊ, माईत नाई. लोकं म्हनतात, थो वरून पाहून राह्यला, खुश असन. मी असं नाई बोलत. त्याले इचारता येत नाई, तर त्याच्या तोंडात शब्द काऊन घालाव? पन एक हाये. सोळा गावायत माह्या पोराची गोष्ट कुठी संपते? तिरडीवर. कोनाच्या तरी दारात तिरडी लागो, अना टाळ्या, अना पडदा. माह्या पोराचं नाव घेऊन लोकायनं थो शब्द घरी नेऊ नये. एवढा मोठा पोरगा होता माहा. त्याच्या नावाखाली शेवटचा शब्द थो नाई शोभत.

…

हो… हो, धरतो. विचारा… 

अवं चंचल, बाहेर कोन आलं पाह्य. पानी दे त्यायले… हो, फोनवरच हाओ, येतो.

हां, बोला. काय म्हने?… कोन, दीपाली? थे नाटकात माय होनारी?… “माह्यानं नाई होत”?… हं. पब्लिक चप्पल फेकन म्हने… हं… नाई, तिच्यावर नका ओरडू. तिची चूक नाई. शाप म्हनाले सोपा असते, जोर लावला का झालं. हे तिनं कुठून आनाव? तिनं कोनाच्या तोंडावर दार नाई लावलं.

गुनवंतराव… आयका. दीपालीले सांगा, पह्यला अंक कर, दुसरा कर, झकास कर. तिसऱ्यात तिरडीजवळ उभी राहू नको.

मी राहीन.

मीच. दुसरं कोन?… सत्कार म्हनले ना तुमी? शाल राहू द्या, नारळ राहू द्या. मले थे पाच मिनटं द्या. शाप मी देल्ला, उतरवाले नटी काऊन पाह्यजे?

फेकू द्या. हेमराजच्या मायवर कोन चप्पल उचलते, थे मी बी पाहतो… निकेशले सांगाची गरज नाई, थो तसाबी पुढीच बसन… साडी? हेच नेसीन, लुगडं धुतलेलं हाये. तोंडाले रंग नाई लावनार हो मी, आधीच सांगतो.

माईक?… द्या, नाई देल्ला तरी चालते… प्रॉम्प्टर?… नको, नको. त्याले म्हनावं, वही बंद ठेव.

प्रॅक्टिस?… कायची प्रॅक्टिस भाऊ! ज्या दिवशी तिच्या तोंडावर दार लावलं ना, त्या दिवसापासून रोज सकाळी देवापुढी हात जोडून हेच म्हनून राह्यली. दोन वर्सं झाले. आज फक्त लोकायपुढी म्हनाचं हाये.

ठेवतो. सुकरीबाई उठली.