घरटी एक माणूस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय मनहरभाई, ओट्यावर विराजमान झालेले आपले गुरुजी लाभशंकरभाई, भजनमंडळाच्या मुक्ताबेन, आणि खाटांवर, पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथे बसलेल्या माझ्या शेरीतल्या, म्हणजे या आपल्या गल्लीतल्या समस्त बंधुभगिनींनो,

निरोप समारंभ लोकांनी करायचा असतो, जाणाऱ्यानं नुसते हार घालून घ्यायचे असतात. मी उलटंच केलं. येत्या परवा मी सुरतेला मुलाकडे कायमचा जाणार, आणि मांडव माझा, जेवण माझं, भाषणही माझंच. आमच्या सौभाग्यवती हसुमती म्हणाल्या, "स्वतःची वरात स्वतःच काढताय, मग घोड्यावर तरी बसा!" गुरुजींनी विचारलं, "रमणीक, लोकांवर भरवसा नव्हता की काय?" होता, गुरुजी. पण समारंभ लोकांनी केला असता, तर आमंत्रणही लोकांनीच दिलं असतं. मला ते स्वतः दारोदार जाऊन द्यायचं होतं.

तरुण मंडळींना ठाऊक नसेल, आपल्याकडे जेवायला दोन तऱ्हांनी बोलावतात. एक, घरटी एक माणूस. दुसरं सागमटे, म्हणजे अख्खं घर, आल्यागेल्या पाहुण्यासकट. त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्या पारुलचं लग्न झालं. व्याही राजकोटचे, बडे लोक. त्यांच्यापुढे पंगत कशी आटोपशीर, देखणी दिसली पाहिजे, असं माझ्या डोक्यात शिरलं. शेरीतल्या सहा घरांना मी 'घरटी एक' सांगून आलो.

पाच घरांनी ते मानलंच नाही, सगळी सहकुटुंब आली. मुक्ताबेन दारातच कडाडल्या, "मेल्या, पारुलला अंगाखांद्यावर खेळवली आम्ही, आणि आता डोकी मोजतोस?" आणि सात जणांना घेऊन आल्या, वर एक पाहुणा! तेव्हा मला राग आला होता. आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

सहावं घर मनहरभाईंचं. त्यांच्या आई, मणकोरबा. लग्नाचे सगळे पापड बांनी महिनाभर बसून लाटले होते. सांगितल्याप्रमाणे मनहरभाई एकटे आले, जेवून गेले. व्याह्यांना पोचवायला मी निघालो, तर बा ठेवणीतला साडला नेसून स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या. म्हणाल्या, "पापड खुसखुशीत झाले होते ना, भाई?" मी "हो" म्हणालो आणि पुढे गेलो. 'बा, जेवायला चला' एवढंही तोंडातून निघालं नाही, कारण व्याही ऐकत होते.

पुढच्या होळीआधी बा गेल्या. मनहरभाई माझ्याकडे येतात, पाणी पितात, माझ्या आजारपणात इस्पितळात उशाशी बसले. पण नऊ वर्षांत माझ्या घरचा एक घास त्यांनी तोंडात घातलेला नाही. मी कधी विचारलं नाही. काय विचारणार?

चार दिवसांपूर्वी सागमटे सांगायला गेलो, तेव्हा म्हणाले, "घरचे सगळे येतील. अध्यक्ष व्हायला मीही येईन." जेवायचं काही बोलले नाहीत.

आपण सगळे आलात, भजनमंडळानं सकाळपासून लाडू वळले, मी सर्वांचा ऋणी आहे. शेवटी वक्त्यानं चूकभूल पोटात घाला म्हणायचं असतं. पण मनहरभाई, ती भूल नव्हती. मी समजूनउमजून केलं, आणि जिची माफी मागायची ती माऊली आता नाही. पानं मांडली आहेत. तुम्ही जेवलात तर मी सुखानं जाईन. न जेवता उठलात, तरी तुमचंच बरोबर आहे, हे या शेरीला माझ्या तोंडून कळू द्या.