ओठ पुसले होते, पाणी पाजलं नव्हतं

जमलेल्या माझ्या माणसांनो,

खुलताबादहून आलात, वेरूळहून आलात, कामाचा खाडा करून आलात. टँकरवरची मंडळी तर गाड्या उभ्या करून आली. या पाणीटंचाईत गाडी उभी करणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, रोज बोलतो. पण सख्ख्या भावाच्या शोकसभेत तोंड उघडणं लई जड जातंय. तरी बोलणार आहे. कारण दादाच्या मरणाबद्दल एक खोटी गोष्ट फिरतेय. आणि ती मी सुरू केली.

व्हय, मीच.

आमच्या बापानं मेंढरं राखली. चारापाणी सरलं, मेंढरं गेली आणि नामदेवदादा शहरात आला. नव्या कॉलन्या उठत होत्या, नळ पोचले नव्हते. दादा टँकर चालवू लागला. इथं उस्मानपुऱ्याच्या मागं एक आजी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. दादा त्यांच्या बादल्या स्वतः वर न्यायचा. मी म्हणायचो, "दादा, हे तुझं काम नाय." तो म्हणायचा, "मग कुणाचं हाय?"

त्या दिवशी सकाळी टँकर भरताना त्याच्या डाव्या हातातून पाइप सुटला. उचलला, परत सुटला. दुसऱ्या टँकरवरचे रफीकभाई शेजारी होते. त्यांनी मला फोन केला, "सर, भाई का मुँह टेढ़ा हो रा. मैं दवाखाने ले जारूँ." रफीकभाई, तुम्ही एक मिनिट दवडलं नाही.

मेंदूत उजव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. रक्तदाब होताच. गोळी घ्यायचा का? कधी घ्यायचा, कधी विसरायचा. तेही खरंच सांगतो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त थांबलंय. आम्ही सुटलो! दादा अडखळत बोलला, "टँकर कुणी नेला?" मग वहिनीला म्हणाला, "मुक्ता, तोंड कोरडं पडलं." नर्सनं बजावलं होतं, तोंडानं काही द्यायचं नाही, गिळता येत नाही, छातीत जाईल, ओठ तेवढे ओले करा. वहिनीनं पदराचं टोक भिजवून ओठ पुसले.

चौथ्या दिवशी सकाळी दादा उठेना. हाक मारली की डोळे उघडायचा, लगेच मिटायचा. मी म्हणालो, थकलाय, झोपू द्या. नर्सनं डोळ्यात बॅटरी मारली. उजवी बाहुली मोठी झाली होती. नर्स पळत सुटली. दहा मिनिटांत दादाला आत नेलं. सूज आलीय, कवटीचं हाड काढून मेंदूला जागा करावी लागेल, म्हणाले. मी सही केली. 

बाहेर बाकड्यावर आम्ही सगळे. दार उघडलं की सगळे उभे राहायचे. दुसऱ्याच कुणाचं नाव निघायचं. परत बसायचं. असं किती वेळा झालं! काल बोलणारा माणूस आज असा कसा झाला? मला कारण पाहिजे होतं. माणूस पाहिजे होता. मी सगळ्यांसमोर वहिनीवर ओरडलो, "तुम्हीच पाजलं ना पाणी त्याला!"

वहिनी एवढंच म्हणाल्या, "ओठ पुसले फकस्त, भाऊजी."

ऑपरेशन झालं, पण दादा शुद्धीवर आला नाही. सहाव्या दिवशी दुपारी गेला.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, "सर, पाण्याचा काही संबंध नाही. त्यांची छाती साफ होती. रक्त थांबलं, पण सांडलेलं रक्त आतच होतं. त्या रक्तातल्या पेशी फुटायला लागल्या की मेंदूतल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. सायटोकाईन म्हणतात त्यांना. त्या हाकेनं पांढऱ्या पेशी धावून येतात, घाण साफ करायला. पण हाका थांबल्याच नाहीत तर रक्तवाहिन्या झिरपतात, सूज चढते. हात सुजला तर कातडी ताणते. कवटी ताणत नाही."

मी विचारलं, "म्हणजे त्याच्याच अंगानं त्याला..."

"त्याला वाचवायलाच सुरू झालं होतं ते. आवरलं नाही."

"औषध?"

"सूज उतरवायचं दिलं. पण त्या हाकाच खात्रीनं थांबवेल असं औषध अजून आमच्या हाती नाही."

मी विज्ञानाचा मास्तर. मला सगळं समजलं. आणि घरी येऊन मी काय केलं? कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटली. तोवर माझं वाक्य गावात पोचलं होतं. बायकोनं पाणी पाजलं म्हणून नामदेव गेला. दहाव्याला वहिनीनं पुढं केलेला तांब्या आमच्या आत्याबाईंनी हातानं बाजूला सारला. मी बघितलं. मी गप्प बसलो. वहिनी तांब्या उचलून आत गेल्या.

आत्याबाई, तुमचा दोष नाही. तुम्ही माझंच ऐकलंत.

वहिनी, तुम्ही पहिल्या ओळीत बसलात, आणि मला वर बघवत नाही. तरी बघतो. चुकलो मी. एकट्यात येऊन माफी मागितली असती तर सोपं होतं. पण आरोप चारचौघांत केला, म्हणून माफीही चारचौघांतच मागतोय. माफ करायचं का नाही, तुम्ही ठरवा. घाई नाही.

दादा, तुला तुझ्या धाकट्याचा रामराम.

आता सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं कुणी बोलू नका. आणि वहिनींबद्दल ते एक वाक्य, दोन मिनिटांनंतरही कुणी बोलू नका.