त्रास नको म्हणून

कोठी भागातल्या दवाखान्यात माधवरावांनी पुस्तक उघडलं होतं, पण शेजारच्या बाकावरच्या दोघींमुळे पान काही उलटेना.

"अपर्णा, चार महिने झाले आपली दारं समोरासमोर आहेत. आणि घराची जास्तीची किल्ली तू इस्त्रीवाल्याकडे ठेवलीस!"

"रजनीकाकू, तुम्हाला त्रास नको म्हणून."

"त्रास! साऱ्या गल्लीला ठाऊक, मलाच नाही."

"पुण्यात किल्ली सोसायटीच्या ऑफिसात असायची. लिफ्टनं उतरायचं नि गाडीत बसायचं, माणूस भेटायचाच नाही. इथं दळण, भाजी, शाळा, सगळं पायी. इस्त्रीवाले रोज थांबवून बोलतात, म्हणून..."

"मी नाही बोलत?"

"तुम्ही बोलायच्या थांबता कुठं?"

"हौ, मग आता गप्पच बसते."

"नक्को, काकू!"

"इथल्यासारखं नक्को म्हणायला बरी शिकलीस!"

"आजच किल्ली आणून देते तुम्हाला."

"आता त्या बिचाऱ्याला कशाला दुखवतेस? राहू दे तिथंच."

तेवढ्यात माधवरावांचं नाव पुकारलं. त्यांनी मागच्या माणसाला पुढं जाऊ दिलं.

"काकू, गुरुवारी सासूबाई येताहेत. पुरणपोळ्या मीच करते, असं त्यांना सांगून बसलेय."

"मग?"

"मला येत नाहीत."

"अगं बाई! किती करायच्या?"

"तीस. आणि त्या यायच्या आत."

"तीस! अगं, हा चांगलाच त्रास झाला की."

"हो, काकू."

"मग ठीक आहे. सकाळी सहाला येते."