गाण्यातला धोटा

सत्त्याहत्तर सालचा हिवाळा, पौष महिना. खाणीतून निघालेल्या कोळशाच्या ट्रकची खबर मी कोराडीच्या वीजकेंद्राला वायरलेसवर द्यायचो. वाटेत कोळसा चोरीला जायचा, म्हणून खुणेचे शब्द ठेवले होते. मी कोष्टी. मागावर येरझारा घालतो तो धोटा, म्हणून ट्रकला मी धोटा म्हणायचो. कोणाला कळणार नाही, अशी घमेंड होती. शब्द फुटला तर नोकरी जाणार होती.

एके दुपारी शेजारच्या गिरजावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उन्हात डोळा लागला होता. रेडिओवर गाण्यामंधी तुमचा आवाज आला. मले सपन वाटलं. धोटा म्हणजे ट्रक ना? मी बी उमरेडच्या कोष्ट्याचीच पोर आहो."

"कोणाले सांगितलं?"

"काहून सांगू? तुमची नोकरी जाईन."

आमचा वायरलेस खाणीच्या कॉलनीतल्या रेडिओत घुसत होता. त्याच दिवशी मी शब्द बदलला. उपकार मात्र राहिला.

वहिनींचा नवरा आमच्याच ट्रकवर ड्रायव्हर. माघात त्याचा ट्रक पुलावरून पडल्याची बातमी कॉलनीत पसरली. माणूस वाचला की नाही, कोणी सांगेना. तो वाचल्याचं मला वायरलेसवर कळलं. मी लगेच जुना शब्द काढला आणि वायरलेसवरच सावकाश बोललो, "धोटा मोडला. विणकर धड आहे."

मागे उभा असलेला साहेब ओरडला, "काय बोलून राहिला गा?"

घरी आलो तेव्हा वहिनी कलत्या उन्हात रेडिओ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गाणं चालू होतं.

"ऐकलं, भाऊजी," त्या म्हणाल्या.

उपकार फिटला.