सात टेप आणि भिंतीकडे वळवलेला पुठ्ठा

आधी वाचणारीला, म्हणजे माझ्या नातीला: चष्मा डोक्यावर आहे, तो डोळ्यांवर घे. मागच्या समारंभात तू अर्धी पानं घरी विसरलीस आणि उरलेल्या अर्ध्यांवर टाळ्या घेऊन आलीस, म्हणून या खेपेला मी पानं दोऱ्याने शिवून दिली आहेत. हेही मोठ्याने वाच, गाळू नकोस.

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या दुकानाचे मालक. व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे. दुकानातले सगळे सहकारी. वेळात वेळ काढून आलेली जुनी गिऱ्हाइकं. आणि आजचे सत्कारमूर्ती, आमचे जावईबापू. सर्वांना माझा घरबसल्या नमस्कार. मी स्वतः आले असते, पण आमच्या ह्यांना एक दिवसाआड इस्पितळात मूत्रपिंडाच्या मशीनवर घालावं लागतं. आजचा दिवस मशीनचा, आणि मशीनवरून आल्यावर त्यांना एकटं सोडता येत नाही. अक्षरांशी माझी ओळख नाही. मी बोलले, नातीने उतरवलं. तिने दोनतीन ठिकाणी शब्द मवाळ केले होते. वाचून दाखवायला लावले आणि पुन्हा होते तसे करून घेतले.

जावईबापूंनी अठ्ठावीस वर्षं या दुकानात लोकांच्या गाड्यांत गाणी वाजवणारी यंत्रं बसवली. तुम्ही त्यांना स्टिरिओ म्हणता, मी टेप म्हणते. आज त्यांना निरोप देताना सगळे त्यांचं कौतुक करतील, ते मला नव्याने करायचं नाही. मला मालकांकडे एक मागणं मागायचं आहे. काउंटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून चार वर्षं एक पुठ्ठा उभा आहे. तो का उभा आहे, हे आज सभागृहाला कळलं पाहिजे.

आमचे हे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या काळच्या एका कार्यक्रमाची कॅसेट होती, ती नातीने पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. त्यात चौथ्या मिनिटाला क्लॅरिनेट एकटी वाजते आणि एक सूर साफ घसरतो. हे दर वेळी म्हणतात, "हा मी नव्हे, शेजारचा." मी म्हणते, "शेजारचा ढोल वाजवत होता." एवढं झालं की ते मशीनवर जायला तयार. माणसाला सुया टोचून घ्यायला जायचं असेल, तर वाटेत एवढं भांडण तरी मिळू नये का?

घरापासून इस्पितळ नऊ मिनिटांवर. जावईबापू गाडी चालवणार, हे पुढे, मी मागे. चावी फिरवली की टेपच्या पडद्यावर एक गोल फिरायला लागायचं. पेट्रोल पंप आला, गोल फिरतंय. शाळेचं फाटक आलं, फिरतंय. नात म्हणाली, "आजी, ते आधी आतलं सगळं वाचतं, मग वाजवतं." मी म्हटलं, "मला वाचता येत नाही, तरी गाणं म्हण म्हटलं की मी लगेच म्हणते."

सहा मिनिटांनी बँड सुरू व्हायचा. सहा आणि तीन नऊ, म्हणजे क्लॅरिनेट यायच्या आधी इस्पितळाचा दरवाजा. परत येताना हे मान टाकून झोपलेले. जावईबापू धीर द्यायचे, "बाबा, होतंय सुरू." हे म्हणायचे, "अरे, मी वाजवायला लागायचो तेव्हा बँडमास्तर एवढा वेळ देत नसे."

जावईबापूंनी टेप बदलला. दुकानात लावून पाहिला, तीन सेकंदांत गाणं. गाडीत बसवला, पुन्हा पेट्रोल पंप, पुन्हा शाळा. दुसरा बदलला, तिसरा बदलला. दुकानात प्रत्येक टेप हुशार आणि आमच्या गाडीत आला की ठोंब्या. माझं डोकं इतकं फिरलं, की एकदा मी त्या पडद्यावर छत्रीची मूठ मारली. त्याचा ओरखडा अजून आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

शेवटी मी स्वतः दुकानात येऊन स्टुलावर बसले. सोबत सोलायला मटार आणले होते, कारण रिकामे हात मला सहन होत नाहीत. जावईबापूंनी खिशातून दुकानाचा पेन ड्राइव्ह काढला आणि टेपला लावला. एक शेंग सोलून व्हायच्या आत गाणं सुरू. मी विचारलं, "आमचा कुठे आहे?"

"तो गाडीत असतो, आई."

"आणि हा?"

"हा दुकानाचा. चाचणीचा. यात पाच गाणी आहेत."

"आमच्यात किती?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नातीला फोन लावला. आमच्या पेन ड्राइव्हवर आजोबांच्या बँडखेरीज नऊ हजार गाणी होती, वर तिच्या कॉलेजचे फोटो आणि कुणाच्या तरी लग्नाचा सबंध व्हिडिओ. तेव्हाच चोवीस वर्षं मुरलेला कारागीर आणि परीक्षा कशाची घेत होता, तर घरी पाठ करून आलेल्या उत्तराची! पण एकट्याला कशाला बोलू? या दुकानात सगळेच तसं करतात. गिऱ्हाइकाला पाच गाण्यांवर टेप वाजवून दाखवायचा आणि ते आपली हजारो गाणी घेऊन घरी जाऊन गोल बघत बसतं.

नातीने बँड वेगळ्या पेन ड्राइव्हवर घालून दिला आणि आमचं काम तिथेच झालं. दुसरा कुणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. जावईबापूंनी तो नऊ हजारांचा पेन ड्राइव्ह दुकानात नेला. काचेच्या कपाटातले सातही टेप काढले. एकच गाडी, एकच बॅटरी, प्रत्येक टेप तीन तीन वेळा, दर वेळी चावी पूर्ण बंद करून. दोन रविवार गेले. मी मटार घेऊन हजर होते, म्हणून सांगते. भल्या मोठ्या पडद्याचा, सगळ्यांत महागाचा टेप सात मिनिटं गोल फिरवत बसला. दुसरा एक मध्येच थकून पहिल्यापासून मोजायला लागला. आणि अगदी खालच्या फळीवरचा, धूळ बसलेला, ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, तो एकोणीस सेकंदांत गायला लागला.

हे सगळं त्यांनी एका पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं आणि तो काउंटरवर उभा केला. मालक, तुम्ही आलात. आठवत असेल.

"हे काय? गिऱ्हाईक वाचेल ना."

"वाचावं म्हणूनच ठेवलंय."

"मग वरच्या फळीवरच्या महाग टेपांचं काय करू? मी वाजवू का ते घरी?"

आणि तुम्ही पुठ्ठा उचलून भिंतीकडे वळवलात. जावईबापू पेचकस उचलून पुढच्या गाडीकडे गेले. ते कधीच उलटून बोलत नाहीत, हाच त्यांचा दोष आहे आणि माझ्या मुलीने तो बघूनच लग्न केलं. पण त्यानंतर चार वर्षं गिऱ्हाइकं गोलाची तक्रार घेऊन आली, तेव्हा शिव्या कुणी खाल्ल्या? काउंटरच्या पुढे उभं राहून त्यांनी खाल्ल्या, पाठीमागे उत्तर लिहिलेलं असताना. रात्री जेवताना ते आमच्या मुलीला एवढंच म्हणायचे, "आज पुन्हा दोघं येऊन गेले." याचा मला राग आहे. गोड समारंभात राग काढू नये म्हणतात, पण दुसरा समारंभ कधी मिळणार?

तुम्ही आज त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार आहात असं कळलं. घरात तीन आहेत. त्याऐवजी तो पुठ्ठा सुलटा करा, काउंटरवर ठेवा, आणि खाली त्यांचं नाव घाला. उद्यापासून ते दुकानात नसतील, तेव्हा शिव्या खायला दुसरं कुणीतरी उभं असेल. त्याच्यावर तरी दया करा.

पोरी, इथे थांब. अध्यक्षांकडे बघ. त्यांनी मान हलवली तर पुढे वाच. नाही हलवली तर बसू नकोस, तशीच उभी राहा. तू तरुण आहेस, पाय दुखणार नाहीत.

पुढे वाचतेयस, म्हणजे मान हलली. अध्यक्ष, आभारी आहे. पाहुण्यांचे, सहकाऱ्यांचे आणि इतका वेळ खुर्ची न वाजवता बसलेल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कुठे मर्यादा सुटली असेल तर ती माझ्या वयाच्या खात्यावर ढकला, आणि मजकूर कुठे अडखळला असेल तर तो वाचणारीचा दोष समजा.

जेवणाचा डबा पाठवणार असाल तर ह्यांच्यासाठी नुसता भात आणि बिनमिठाची भाजी, वेगळ्या डब्यात. बटाटा नको, केळं नको. गोड जे काही असेल ते त्यांच्या डब्यात घालू नका, माझ्यात घाला. दोघांच्या वाटचं.