तुमचीच समजा

माझं माहेर गुहागरचं, सासरही तिकडचंच, आणि आता कित्येक वर्षं इथे हवाईच्या मोठ्या बेटावर, म्हणजे एका समुद्रावरून उठून दुसऱ्या समुद्रावर आल्ये, बाकी काय. आमचे हे हॉटेलात कुक, आणि मी अळू लावायची. हो, अळू! इथे त्याला टारो म्हणतात, इथल्या लोकांचा जीव की प्राण, आणि टूरिस्ट तर शनिवारच्या बाजारात माझ्या अळूवड्यांसाठी लाइन लावायचे.

जमीन मेधाताईंची. त्या पुण्याच्या, राहतात कॅलिफोर्नियात, इथे नुसती जागा घेऊन ठेवलेली, सगळं रान माजलेलं. मला म्हणाल्या, मावशी, करा ना काय हवं ते, तुमचीच समजा. मी हातांनी रान उपटलं, दगड काढले, वाफे केले, पाणी आणलं. हे म्हणाले, कागद करून घेऊ या, तर मीच ह्यांना गप्प केलं, आपल्या माणसाकडे कसला कागद मागायचा, बरं दिसतं का ते.

मग महागाई आली. काय सांगू तुम्हाला, इथे मिठापासून खतापर्यंत सगळं बोटीने येतं, बोट महागली की दूध महाग, अंडी महाग, आमच्या खोलीचं भाडं महाग, पगार मात्र ढिम्म. ह्यांचा पगार भाड्यात जायचा, आमचं पोट त्या अळूवर. आणि तेवढ्यात मेधाताईंचा फोन. मावशी, फार एक्स्पेन्सिव्ह झालंय हो सगळं, आम्ही तिथे टूरिस्टांसाठी कॉटेज बांधतोय, जागा रिकामी कराल ना? मी म्हटलं, अहो, तुम्हीच म्हणाला होतात, तुमचीच समजा. तर हसल्या हो! म्हणाल्या, मावशी, समजा म्हटलं होतं, दिली कुठे म्हटलं होतं? बुलडोझर आला तेव्हा पानं ऐन भरात होती.

परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. आपल्या माणसाने केसाने गळा कापला, ते कुणाला सांगायचं? आता मी हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत्ये.

परवा गणपतीत पुन्हा फोन. मावशी, आम्ही कॉटेजवर आलोय, गौरीला तुमच्या हातचं अळूचं फदफदं हवंच हं. लाज कशी ती नाहीच! माझ्या तोंडून सवयीने हो गेलं. मग फोन ठेवला आणि काही केलं नाही, कळवलंही नाही. बसल्या असतील पानावर वाट बघत. गौर त्यांचं भलं करो, मी वाईट चिंतत नाही. पण मी गेले नाही.